निळे अस्तर

१२ जानेवारी

भावोजींस,

आज दुकान साडेआठला उघडले. शाळेची चाळीस हजेरीपुस्तके शिवायची आहेत, त्यातली सव्वीस झाली. दुपारी खळ संपली म्हणून नवीन शिजवली. चार वाजता पोस्टमन तुमचे पत्र आणि ताईंनी पाठवलेले दहा हजार देऊन गेला. पावती सोबत आहे. तीवर "चाळीस हजारांपैकी पहिले दहा" असे लिहिले आहे, म्हणजे ताईंना हिशेबाला सोपे जाईल.

जुगार सोडणाऱ्यांच्या तुमच्या गटात प्रत्येकाला असे पत्र लिहावे लागते, ज्याचे नुकसान केले त्याला, आणि काय केले ते स्पष्ट लिहावे लागते, असे तुम्ही कळवले आहे. तुम्ही लिहिले आहे, "दादाच्या कपाटातून चाळीस हजार घेतले आणि जुगारात हरलो." ते बरोबर आहे. ते पैसे कटिंग मशीनच्या ब्रेकसाठी ठेवले होते, एवढेच त्यात नाही. पाते एकदा खाली येऊन वर गेले की थांबायला हवे, ते ब्रेकमुळे थांबते. आपला ब्रेक झिजला होता. तुम्ही ऑगस्टमध्ये पैसे नेलेत. तुमचे दादा ताईंना म्हणाले की सुटा भाग अजून आला नाही, आणि तसेच काम करत राहिले. सप्टेंबरमध्ये पाते दुसऱ्यांदा खाली आले. दोन बोटे गेली. जखम चिघळली आणि अकराव्या दिवशी ते दवाखान्यातच वारले. हे तुम्हाला माहीत आहे. पत्रात नव्हते म्हणून लिहिले.

ताईंना मी यातले काही सांगितलेले नाही. तुमच्या दादांनी सांगितले नाही, तर मी कशाला सांगू.

मशीनवर कापड टाकून ठेवले आहे. कडा कापायच्या असल्या की गठ्ठे समोरच्या छापखान्यात नेते.

तुम्ही कसे राहता, ते सविस्तर लिहा. पगाराचे काय होते, तुमच्यावर लक्ष कोण ठेवते, तेही लिहा.

वहिनी


१९ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. ब्रेकचं मी लिहायला हवं होतं. ते वाक्य दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. आमच्या गटाचा म्होरक्या एक निवृत्त ड्रायव्हर आहे. तो म्हणतो, "जे खोडलंस ना, तेवढंच पाठव." मी नेमकं बाकीचं पाठवलं.

कसा राहतो विचारलंत. लॅबमध्ये कवळ्या बनवतो. दिवसभर पन्नास-साठ तोंडं टेबलावरून माझ्याकडे बघून हसत असतात आणि एकही बोलत नाही, तेव्हा नोकरी चांगली आहे. पगार मालक थेट ताईच्या खात्यात टाकतो. त्यातून ती पतपेढीला, मालकाने दिलेल्या उचलीला आणि तुम्हाला, असं तीन ठिकाणी देते. मी राहतो तिच्याच मागच्या खोलीत. सकाळी डबा आणि दोन चहांचे पैसे हातावर ठेवते. फोन तिच्याकडे, कारण खेळ फोनवरच सुरू झाला होता. म्हणून ही पत्रं. सायकल आहे, तेव्हा बसभाड्याचा प्रश्न नाही.

शनिवारी तपासणी. खिसे, गादी, चपला. मागच्या शनिवारी तिने चपलेचा तळ उचकटून बघितला. मी म्हटलं, "ताई, नवीन आहे गं ती." म्हणाली, "तूही नवीनच आहेस. म्हणूनच बघते."

खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो. पगाराच्या पैशाची मला भीती वाटत नाही. तो मोजलेला असतो, त्याला मालक असतो. ज्या पैशाचा कोणालाच पत्ता नाही, असा पैसा हातात आला तर काय होईल, ते मला सांगता येत नाही. गटात हे मोठ्याने बोललो तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. लॅबसमोरच्या गल्लीत पत्त्यांचा क्लब आहे. मी मागच्या रस्त्याने जातो. दहा मिनिटं जास्त लागतात.

मुलगी नऊ वर्षांची झाली. तिच्या आईने सांगितलंय, या वर्षात डिसेंबर संपेपर्यंत एकदाही खेळला नाहीस, तर जानेवारीपासून शनिवार-रविवार ती तुझ्याकडे राहील. एकदाही म्हणजे एकदाही. कारण चालणार नाही. ती चुकीचं बोलतेय असं मला वाटत नाही.

गटाची आणखी एक पद्धत आहे. रोज झोपण्याआधी वहीत एक ओळ लिहायची, "आज नाही." मी साधी दुकानातली वही आणली, तर तिची पानं आत्ताच सुटायला लागली. दादा असता तर म्हणाला असता, "आडव्या, कोणी रे शिवलं हे?" कागदाची वीण न बघता मी अस्तर आडवं चिकटवायचो आणि पुठ्ठे वाळताना होडीसारखे वाकायचे. सात वर्षं शिकवून थकला, शेवटी नाव ठेवून मोकळा झाला.

आडव्या


२ फेब्रुवारी

भावोजींस,

हजेरीपुस्तके पोचवली. शाळेने आणखी साठ सांगितली आहेत.

तुमच्यासाठी एक वही शिवून पाठवत आहे. जुजबंदी शिलाई आहे, पाने सुटणार नाहीत, पाठ कापडी आहे, आत निळे अस्तर लावले आहे. शंभर पाने आहेत. दर हप्त्याबरोबर एक पाठवत जाईन. मागचा पुठ्ठा थोडा जाड आहे. तुम्ही सात वर्षे हे काम केले आहे, हाताला कळेल.

ताई शनिवारी वहीची पाने चाळतीलच. चाळू द्या.

तुमचा पहिला हप्ता मी माझ्याकडे ठेवलेला नाही. ताईंना सांगण्याची गरज नाही, त्यांच्याकडे पावती आहे.

तुम्ही मागच्या रस्त्याने जाता, असे वाचले. ऊन वाढले की दहा मिनिटेसुद्धा जड जातात.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी, नमस्कार.

उत्तराला दोन महिने लागले. राग मानू नका. लॅबमध्ये जादा काम होतं. रविवारी एका गोदामात माल उतरवायला जात होतो, ते या आठवड्यात संपलं. पाठ अजून सरळ होत नाही. ताई म्हणते, "कवळी बनवणाऱ्याची पाठ कशाने दुखते रे?" मी म्हटलं, "वाकून बघावं लागतं लोकांच्या तोंडात." ती हसली नाही.

सायकल आता नाही. पायी जातो. घड्याळही नाही, पण लॅबच्या भिंतीवर मोठं आहे, त्यावरून चालतं.

ताईने दुसरा हप्ता पाठवलाय.

वही मिळाली होती. पुठ्ठा जाड आहे, ते हाताला कळलं.

आडव्या


१६ एप्रिल

भावोजींस,

दुसरे दहा हजार मिळाले. पावती आणि दुसरी वही सोबत आहे. पहिलीसारखीच केली आहे, सगळे तसेच.

आज दिवसभर गिऱ्हाईक नव्हते. तुमच्या दादांची सुई डब्यात सापडली, तिला त्यांनी मुठीकडून दोरा गुंडाळला होता. मी माझ्याच सुईने शिवते.

पायी कोणत्या रस्त्याने जाता, ते कळवा.

वहिनी


२१ एप्रिल

वहिनी,

मागच्याच.

आडव्या


१४ जुलै

भावोजींस,

तिसरा हप्ता मिळाला. पावती आणि तिसरी वही पाठवत आहे. ग्रंथालयाचे जुने खंड दुरुस्तीला आले आहेत, सगळ्यांचे कणे निखळले आहेत. बारा दिवसांचे काम आहे.

तुम्ही पत्रात आता विनोद करत नाही. तब्येत बरी आहे ना.

वहिनी


२० जुलै

वहिनी, नमस्कार.

तब्येत बरी आहे. विनोद संपले नाहीत, जपून वापरतोय.

मागच्या रविवारी मुलगी आली होती, तासभर, आईसोबत. फळीवर तुमच्या वह्या होत्या. तिने निळं अस्तर बघितलं आणि म्हणाली, "बाबा, मला यातली एक दे ना, चित्रं काढायला." मी म्हटलं, "नको गं, त्या माझ्या लिहायच्या आहेत." ती म्हणाली, "तुझ्याकडे तीन आहेत. आणि एकीत तर तू अजून लिहिलंही नाहीस." खरं होतं. तिने तिसरी हातात घेतली, मागून पुढून बघितली, पुठ्ठ्यावर बोटाने टकटक केलं. मी ती तिच्या हातातून काढून घेतली. जरा जोरात काढली असेन. तिच्या आईने माझ्याकडे बघितलं, पूर्वी मी फोन लपवायचो तेव्हा बघायची तसं.

शेवटी तिला ती पानं सुटलेली दुकानातली वही दिली. तिने त्यात काही काढलं नाही. जाताना टेबलावर ठेवून गेली.

ड्रायव्हर म्हणतो, सहा महिने झाले की माणूस स्वतःवर खूश होतो आणि तिथेच घसरतो. मी त्याला म्हटलं, माझ्या बाबतीत ती काळजी नको, मी स्वतःवर खूश होईन असं घरात कोणी काही ठेवलेलं नाही.

आडव्या


१० ऑक्टोबर

भावोजींस,

चौथा हप्ता मिळाला. चाळीस हजार पूर्ण झाले. तसे पावतीवर लिहिले आहे. चौथी वही सोबत आहे. ही शेवटची.

मागच्या महिन्यात एक वर्ष झाले. ताई येऊन गेल्या. तुम्ही आला नाहीत, ते बरे केलेत.

वहिनी


१५ डिसेंबर

वहिनी, नमस्कार.

पार्सल उघडलं असेल. चारही वह्या परत पाठवतोय. रोजच्या ओळी त्यांत आहेत, वाचल्यात तरी चालेल, सगळ्या सारख्याच आहेत.

पहिली वही हातात आली त्याच क्षणी मला कळलं होतं. दोन पातळ पुठ्ठे, आतल्याला खिडकी कापलेली, खिडकीत नोटा, वरून निळं अस्तर. दादाने एकदा एका गिऱ्हाइकाला लग्नाची कागदपत्रं ठेवायला असाच पुठ्ठा करून दिला होता, तेव्हा खिडकी मीच कापली होती. आधी वाटलं, तुम्हाला दया आली. मुलीसाठी म्हणून पैसे परत दिलेत. मग माझंच जानेवारीचं पत्र आठवलं. मला काय सोसत नाही, ते मीच तुम्हाला लिहून दिलं होतं, गल्लीसकट.

मी चिडलो नाही. तुमच्या जागी मी काय केलं असतं कोण जाणे. एकही वही मी उघडली नाही. पैसे तुमचे आहेत, ब्रेकचे आहेत. घ्या.

आता एक मागतो. मुलीच्या आईचा माझ्यावर विश्वास नाही, ताईवरही नाही, ती बहीण आहे म्हणून. ती म्हणते, वहिनीने लिहून दिलं तर मानेन. बाई खोटं बोलत नाही, आणि त्याची बाजू घ्यायचं तिला कारण नाही. ताई तुम्हाला लिहील. एक ओळ पाठवा.

आडव्या


१७ डिसेंबर

आशीर्वाद.

तुला त्रास देते आहे. धाकट्याने तुझं देणं फेडलं, पावत्या माझ्याकडे आहेत. त्याचं वर्ष पुरं होतंय. मी त्याच्या गाद्या उसवल्या, चपला फाडल्या, मला काही सापडलं नाही. पण मी आंधळी आहे असं त्याची बायको म्हणते, आणि भाऊ म्हटला की मी असेनही. तू त्याच्याशी वर्षभर पत्राने बोललीस. तुला काय माहीत आहे ते एका ओळीत कळव. मुलीची बॅग तिच्या आईने भरून ठेवली आहे. पोरीने आत रंगपेटी घातली आहे, असं फोनवर मला स्वतःच सांगितलं.

तू सुकत चालली आहेस असं मला मागच्या वेळी वाटलं. जेवत जा.

ताई


२२ डिसेंबर

ताई, नमस्कार.

तुम्ही एक ओळ मागितली आहे.

भावोजी या वर्षात एकदा खेळले, पहिल्या तिमाहीत.

चाळीस हजार मला पूर्ण मिळाले. त्यांच्याकडे माझे काही येणे नाही.

मी जेवते. काळजी नसावी.


३० डिसेंबर

वहिनी,

तुमचं पत्र ताईने चहाच्या टेबलावर सगळ्यांसमोर वाचलं. आधी स्वतः वाचलं नव्हतं. तिला खात्री होती, म्हणून पाकीट तिथेच फोडलं. मुलगी बॅग घेऊन माझ्या खोलीत होती, फळीवर वह्या दिसत नाहीत म्हणून शोधत होती. तिच्या आईने हाक मारली, "चल." मुलगी म्हणाली, "आत्ताच तर आलो." तिची आई म्हणाली, "चल म्हटलं ना." एवढंच.

मग ताईने विचारलं, "तुझ्या वहिनीला कसं कळलं?" मी म्हटलं, "मीच तिला लिहिलं होतं." वह्यांचं काही बोललो नाही. ताईने मला मारलं नाही, मला वाटलं होतं मारेल. म्हणाली, "तिला लिहिलंस आणि मला सांगितलं नाहीस. मी तुझ्या चपला फाडत बसले." दादाही तिला म्हणाला होता ना, सुटा भाग आला नाही. आमच्या घरात हे असंच चालत आलंय.

आता खोटं बोलून मिळवायचं काही उरलं नाही, तर ऐका. वही आली त्यानंतर सहा दिवस मी ती उशाशी ठेवली. सातव्या दिवशी अस्तर फाडलं. पुढच्या रस्त्याने गेलो. पहिल्या दिवशी सहाशे जिंकलो, तेवढंच आठवतं. चार दिवसांत सगळं गेलं. पाचव्या दिवशी क्लबच्या पायरीवर बसलो होतो आणि माझ्या लक्षात आलं की कोणीच ओरडणार नाही. कोणाला माहीतच नाही. तेच जास्त वाईट होतं. सायकल विकली, घड्याळ विकलं, गोदामात सात रविवार पोती वाहिली, मालकाकडून जादा कामाचे रोख मागून घेतले. दहा हजार झाले तसे परत खिडकीत ठेवले, तसाच निळा कागद शोधून आणला आणि अस्तर लावलं. ते वाळलं तेव्हा तुम्हाला एप्रिलचं पत्र लिहिलं. डिसेंबरमध्ये लिहिलं की एकही उघडली नाही. मुलीसाठी खोटं लिहिलं.

बाकीच्या तीन तुम्ही बघितल्या असतील. त्या फळीवर माझ्या डोक्याशी होत्या, आठ महिने. त्यांच्याबद्दल तुम्ही ताईला काही लिहिलं नाहीत.

मुलीच्या आईने परवापासून नवीन वर्ष धरलंय. म्हणाली, बघू. बघू म्हणाली, हेही पुष्कळ आहे. पण पुढच्या वर्षी मुलगी अकराव्यात असेल आणि शनिवारी बाबाकडे यायला तिला आवडेल का, ते मला माहीत नाही.

कसं कळलं, तेवढं लिहा. मी खूप काळजीने चिकटवलं होतं.

आडव्या


८ जानेवारी

भावोजींस,

आज दुकान साडेआठला उघडले. मिस्त्री नऊला आला. ब्रेकचा सुटा भाग गेल्या आठवड्यात मागवला होता, तो बसवायला त्याला तीन तास लागले. भाग आणि मजुरी धरून अडतीस हजार झाले. दोन हजार उरले, ते ताईंना पाठवते. तुमच्या नावावर जमा करतील.

कसे कळले, ते विचारले आहे. पहिली वही टेबलावर ठेवली तर डुलते. मागचा पुठ्ठा वाकला आहे. तुम्ही लावलेले अस्तर आडव्या विणीचे आहे. रंग बरोबर जुळवला आहे, कडाही सरळ आहेत. मी उकलून बघितले तेव्हा आतल्या नोटा कोऱ्या निघाल्या. मी घातल्या त्या जुन्या होत्या. दुसरी, तिसरी आणि चौथी माझ्याच हातच्या आहेत, तशाच आल्या. त्या तिन्हींबद्दल ताईंनी विचारले नव्हते.

मी पैसे का घातले, ते तुम्ही विचारले नाही. फेब्रुवारी ते एप्रिल मी रोज चार वाजता पोस्टमनची वाट बघत असे. पाकिटात काय असावे असे मला वाटत होते, ते मी तेव्हा स्वतःला विचारले नाही. तुमचे पत्र आले, सायकल नाही असे त्यात होते, आणि मी दुसऱ्या वहीचा पुठ्ठा कापायला घेतला. मला तेव्हाच अंदाज आला होता. तरी तीन वह्या आणखी केल्या.

ताईंना तुम्ही माझे नाव सांगितले नाहीत. सांगितले असते तरी मी नाही म्हटले नसते. तुम्हाला सांगायचे असेल तर अजूनही सांगा. मी माझ्याकडून सांगणार नाही.

पहिली वही ओलसर करून चार दिवस दाबाखाली ठेवली होती. काढल्यावर सरळ होती, संध्याकाळपर्यंत पुन्हा वाकली. रोजच्या ओळी वाचल्या. बारा फेब्रुवारीपासून पाच दिवस काही लिहिलेले नाही. ते दिवस तुम्ही नंतर भरले नाहीत, हे मी बघितले.

यापुढे वही पाठवणार नाही. दुकानातून चांगली घ्या, शिलाई बघून. पत्राचीही गरज नाही.

मिस्त्रीने जाण्याआधी मशीन रिकामे चालवून दाखवले. म्हणाला, "आता बाई, हात घातलात तरी थांबेल. पण घालू नका." तो गेल्यावर मी कापड घडी करून ठेवले. शाळेच्या हजेरीपुस्तकांचा गठ्ठा नीट ठोकून पाटावर लावला, चाक फिरवून दाबला आणि दांडा ओढला. पाते खाली आले, वर गेले आणि थांबले. कातरणे पिशवीत भरली. अजून दोन गठ्ठे आहेत, ते लावते.

वहिनी